गिरणीच्या भोंग्याभोवतीचे सोलापूर : १९६० ते १९८५ या काळातील धंदे आणि माणसे

मुरारजीपेठकर (प्रश्न)

नमस्कार. माझे बालपण आणि सगळे शिक्षण सोलापुरात झाले. पुढे नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आलो आणि इथलाच झालो. अलीकडे घरातल्या मुलांना जुने सोलापूर समजावून सांगताना एक गोष्ट सारखी जाणवते. गिरण्यांची नावे, सिद्धेश्वराची यात्रा, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेलेले चार हुतात्मे, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी छापील मजकूर हवा तेवढा मिळतो. परंतु गिरणीच्या आणि मागांच्या आधाराने पोट भरणारे जे लहानसहान धंदे गल्लीगल्लीत होते, त्यांच्याविषयी ओळभरही कुठे सापडत नाही. ते धंदे करणारी पिढी आता राहिलेली नाही आणि त्यांना पाहिलेली आमची पिढीही सत्तरीला आली आहे.

मला जे आठवते ते थोडे असे. गिरणीत कापडाचे जे तुकडे उरत, ते वजनावर विकणारी दुकाने होती आणि त्यांच्या फळीसमोर बायका तासन्‌तास बसून रंग निवडत असत. आमच्या घरातल्या सगळ्या वाकळी त्याच तुकड्यांच्या होत्या, आणि वाकळ शिवून देणारी बाई दुपारभर ओसरीवर बसून टाके घालता घालता सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगत असे. सुताचा जो गुंता यंत्रातून निघे तो पोत्यांत भरून मेकॅनिक चौकातल्या गॅरेजांकडे जाई, कारण तेलाचे हात पुसायला त्याच्याइतके स्वस्त काही नव्हते.

माणसांपैकी एक फार ठळकपणे आठवतो. आमच्या चौकातल्या हॉटेलात एक गृहस्थ रोज सकाळी ‘संचार’ हे दैनिक मोठ्याने वाचून दाखवीत. रात्रपाळी सुटलेले कामगार चहा घेत बसलेले असत. त्यांच्यातल्या अनेकांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई त्यांचे डोळे मिटत असत. मराठी बातमी वाचून झाली की तिचा सारांश ते तेलुगूत सांगत आणि कोपऱ्यातून कोणी विचारले तर कानडीतही. त्यांना त्याबद्दल दोन वेळचा चहा मिळे, याहून अधिक काही मिळत असावे असे वाटत नाही. ओळखीच्या कोणाच्या निधनाची बातमी असली तर ती मात्र ते कधीच मोठ्याने वाचत नसत. त्या माणसाच्या नातलगाला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवून सांगत.

माझा प्रश्न असा आहे : कामगारांचे डबे गिरणीत पोहोचवण्याची व्यवस्था नेमकी कशी होती, पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात कोणकोण उभे असे, आणि शहराच्या पूर्वभागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मागांना लागून जे उपधंदे होते ते कोणते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. आमचे घर मुरारजी पेठेत असल्यामुळे पूर्वभाग मी केवळ पाहुण्यासारखा पाहिला आहे. खासगी व्यक्तींची नावे कृपया टाळावीत. धंदा आणि माणसाची रीत कळली तरी पुरे आहे.

लक्ष्मी-विष्णू चाळ

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देऊ शकेन, कारण माझे वडील विणकाम खात्यात होते आणि आमचे सगळे बालपण चाळीत गेले.

डबे नेण्याचे काम बायका करीत. वेताच्या मोठ्या पाटीत डबे रचून ती पाटी डोक्यावर घेऊन त्या निघत आणि जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्याआधी गिरणीच्या दारात पोहोचत. आमच्या डबेवाल्या मावशींना अक्षरओळख नव्हती आणि त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांनाही नव्हती, त्यामुळे डब्यावर नाव किंवा आकडा घालण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक घराने आपल्या डब्याच्या कडीला एक चिंधी बांधलेली असे. आमची चिंधी हिरव्या काठाची होती. शेजारच्यांची लाल चौकडीची. चिंधी मळून रंग कळेनासा झाला की मावशी स्वतः आईला नवी मागून घेत. गंमत अशी की या मावशींना घराघरातली परिस्थिती डब्याच्या वजनावरून कळत असे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डबे हलके होत, भाकरीबरोबर नुसती शेंगाचटणी जाई, आणि कोणाच्या डब्यात अचानक कालवण आले तर त्या घरी पाहुणा आहे किंवा उधारी नव्याने मिळाली आहे हे त्या ओळखत. निरोपही त्याच नेत. ‘पोराला ताप आहे, सुटल्यावर सरळ घरी या’ हा निरोप डब्याबरोबर गेला नाही तर वडील मित्रांबरोबर हॉटेलात बसून उशिरा येत, हे ठरलेले होते.

पगाराच्या दिवसाबद्दल बोलायचे तर दारात दोन रांगा असत, एक आतून बाहेर पडणाऱ्यांची आणि दुसरी त्यांची वाट पाहणाऱ्यांची. दुसऱ्या रांगेत सावकारांची माणसे असत, खाणावळीचा मालक वही घेऊन उभा असे, भिशीचा प्रमुख असे, आणि यांच्या थोडे मागे, पदर डोक्यावरून घेऊन, लहान मूल काखेला मारून, कामगारांच्या बायका उभ्या असत. त्यांना सावकाराच्या आधी नवऱ्यापर्यंत पोहोचायचे असे. माझी आई कधी गेली नाही, कारण वडील पाकीट न फोडता घरी आणीत, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता; परंतु शेजारच्या काकूंबरोबर मी एकदोनदा गेलो आहे. तिथे आरडाओरडा फारसा होत नसे. काकू नुसत्या समोर जाऊन उभ्या राहत आणि काका मुकाट्याने पाकीट त्यांच्या हातात देत. मग त्यातून काका सुपारी-तंबाखूपुरते मागून घेत.

एक गोष्ट तुमच्या यादीत जरूर घाला, ती म्हणजे वाण्याची उधारी. चाळीच्या तोंडाशी किराणा मालाचे दुकान होते आणि तिथे उधारीची वही कोणाच्या नावाने उघडायची याचा नियम ठरलेला होता : कायम कामगार असेल तर महिनाभराचे सामान, बदली कामगार असेल तर आठवड्याचे, आणि तेही ओळखीच्या कायम कामगाराने हमी दिली तरच. बदलीवाला रोज पाळीच्या वेळी दारात जाऊन उभा राहणार, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जाणार, नाहीतर परतणार. त्यामुळे त्याच्या महिन्याच्या कमाईचा अंदाज ना त्याला, ना वाण्याला. लग्नाच्या बोलणीतही ‘मुलगा कायम आहे की बदली’ हा प्रश्न शिक्षणाच्या आधी विचारला जाई. संप लांबला तेव्हा मात्र याच वाण्याने कायम-बदली हा भेद बाजूला ठेवून ज्वारी दिली. त्या वहीतली बरीच बाकी कधी फिटली नाही, आणि दुकान पुढे त्यांच्या मुलांनी विकले.

भाड्याच्या सायकलींचे दुकान सर्वांना आठवत असेलच, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

साखरपेठेची लेक

पूर्वभागातल्या धंद्यांविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. माझे माहेर साखर पेठेत. घरी तेलुगू, शाळेत मराठी. आजोबा हातमागावर नऊवारी पातळे विणत, वडिलांनी चादरींचे यंत्रमाग घातले, आणि आई-आजी दोघीही विड्या वळत. म्हणजे पूर्वभागातले एक सर्वसाधारण पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाचे) घर.

आधी हे सांगितले पाहिजे की आमच्याकडे गिरणीच्या भोंग्याला तेवढे महत्त्व नव्हते. माग घरातच होता. आजोबांचा माग खड्डामाग होता, म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचे आणि पायांनी पावड्या दाबायच्या. खोलीचा अर्धा भाग मागाने व्यापलेला, उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाक, झोपणे आणि आमचा अभ्यास. धोट्याचा आवाज थांबला की आजी स्वयंपाकघरातून ‘काय झालं?’ म्हणून तेलुगूत विचारीत असे.

आता उपधंदे. एक साधे पातळ विणून बाजारात जायचे तर त्याच्यामागे किती हात लागत, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. सुताच्या लडी रंगवणारे रंगारी वेगळे होते. त्यांच्या भट्ट्या ज्या बोळात असत तिथल्या गटारीचे पाणी सकाळी जांभळे तर दुपारी हिरवे असे, आणि ओल्या लडी बांबूंवर टाकून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या असत. रंगाऱ्याच्या घरच्या माणसांचे हात कोपरापर्यंत रंगलेले; लग्नाच्या पंगतीतही ते हातावरून ओळखू येत. वाळलेल्या लडींपासून कांड्या भरण्याचे काम म्हाताऱ्या बायका आणि मुले करीत, आणि शाळेतून आल्यावर तासभर चरख्यावर कांड्या भरल्याशिवाय खेळायला सोडत नसत.

पांजणी करणारे हे तर स्वतंत्र कसबी लोक होते. पहाटे ऊन तापायच्या आत रस्त्याच्या कडेने लांबच लांब ताणा (कापडातले उभे धागे) ताणून त्याला खळ लावायची आणि मोठ्या ब्रशने धागा न् धागा मोकळा करीत न्यायचा. दोघे ब्रश ओढत समोरासमोर चालत येत, आणि त्यांची पावले एकसारखी पडली नाहीत तर ताण्याला गुठळ्या राहत. त्या वेळी रस्त्यावरून सायकल घेऊन जाणाऱ्याला उतरून चालावे लागे. त्याबद्दल भांडण झालेले मला आठवत नाही.

मला सर्वांत नवल वाटे ते धागे जोडणाऱ्या माणसाचे. मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचा प्रत्येक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला जोडावा लागतो, म्हणजे मागाची वही (उभे धागे वर-खाली करणारा भाग) आणि फणी यांतून पुन्हा पहिल्यापासून धागे ओवावे लागत नाहीत. हे काम करणारे एक मामा आमच्याकडे येत. मागाखाली मांडी घालून बसत, शेजारी राखेची वाटी ठेवत, आणि अंगठा व तर्जनी राखेत बुडवून दोन टोके एकत्र पिळत. गाठ मारत नसत, कारण गाठ फणीत अडकते. असे हजारो धागे. त्यांचे डोळे मिटलेले असत. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘डोळ्यांनी बघत बसलो तर संध्याकाळ होईल.’ धंद्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे होते, कारण त्यांनी येण्यास उशीर केला तर तेवढे दिवस माग बंद आणि घरात चूल मंद. म्हणून त्यांच्यासाठी चहात दूध जास्त घालावे लागे आणि त्यांच्या राजकीय मतांना विरोध करायचा नसे.

वडिलांच्या काळात नऊवारीचे गिऱ्हाईक कमी झाले. खेड्यातल्या तरुण बायकाही सहावारी, मग नायलॉन-पॉलिस्टरकडे वळल्या आणि आमच्या भागाने चादर व टॉवेल हाती घेतले. जेकार्डची (भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची) चादर आली तेव्हा नवे धंदेही आले. नक्षी काढणारा कलाकार चौकटी आखलेल्या कागदावर एकेक घर रंगवून मोर, फूल किंवा वेल काढी. त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडणारा दुसरा, आणि ते पुठ्ठे दोरीने एकमेकांना गुंफून मागावर चढणारी साखळी तयार करणारा तिसरा. पुठ्ठ्यातले एक भोक चुकले तर चादरीवर तीच चूक ठराविक अंतराने उमटत राही, आणि ती चादर उलटी केली तरी लपत नसे, कारण सोलापुरी चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. आमच्या बोळातले एक नक्षीकार चित्रपटांच्या जाहिरातींचे फलकही रंगवीत, त्यामुळे त्यांच्या मोराच्या डोळ्यांत कोणत्या तरी नटीचे डोळे दिसतात असे लोक चिडवत.

विड्यांविषयी थोडे लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण माग मंदीत गेला की घर विडीवर चाले. सकाळी बायका टोपली घेऊन कारखान्यात जात, आदल्या दिवशीच्या विड्या देत आणि पान, तंबाखू, दोरा घेऊन येत. पाने रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मग वळायला बसायचे. हजार विड्या वळल्या की एक दिवस भरला. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. कारखान्यात तपासणारा माणूस मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत आणि विड्याही परत मिळत नसत. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, पुढे संघटना बळकट झाल्या, भविष्य निर्वाह निधीचे कार्ड आले; पण छाटीवरून होणारी रोजची वादावादी माझ्या लग्नापर्यंत मी ऐकली आहे. आमच्या आजीची त्यावर एक युक्ती होती. तपासणारा ज्या बाजूने मूठ घालतो त्या बाजूला ती सर्वांत सुबक कट्टे ठेवी. तो हुशार होता, कधीकधी टोपली फिरवून घेई. दोघांचे हे वर्षानुवर्षे चालले, आणि आजी गेली तेव्हा तो माणूस दर्शनाला आला होता.

वर्षातून एकच दिवस असा होता की त्या दिवशी पूर्वभागात एकही माग चालत नसे, तो म्हणजे नारळी पौर्णिमा. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, घरातले पुरुष नवे जानवे घालतात, आणि रथाच्या वाटेवर एरवी पांजणीचे ताणे असतात तिथे रांगोळ्या असतात. बतकम्मा या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत फुले विकणाऱ्या बायका खेड्यांतून पहाटेच येत. त्यांचाही तो हंगामी धंदाच होता.

बाळीवेस

वरच्या दोन्ही प्रतिसादांत बरेच काही नव्याने कळले. तथापि प्रश्नाच्या मांडणीशी माझा थोडा मतभेद आहे तो नोंदवतो. सोलापूर गिरणीमुळे मोठे झाले हे खरे. परंतु गिरणी येण्याआधीही येथे पेठ होती, आणि वेशींच्या आतले सोलापूर भोंग्यावर नव्हे, आठवडी बाजारावर आणि सिद्धरामेश्वरांच्या पंचांगावर चालत असे. बाळीवेस, चाटी गल्ली, मधला मारुती या भागात कानडी बोलणारे व्यापारी होते, अजूनही आहेत. अक्कलकोट, इंडी, विजापूर या भागांतला शेतकरी ज्वारी, तूर, शेंगा घेऊन येई आणि जाताना चाटी गल्लीतून लग्नाचे कापड नेई. अडत्याच्या दुकानात शेतकऱ्याला रात्री मुक्काम करता येत असे, अंथरूण-पांघरूण अडत्याचे, भाकरी शेतकऱ्याची स्वतःची. कडक भाकरी हा प्रकार आज पाकिटांतून विकला जातो. तेव्हा तो प्रवासाचा शिधा होता, आठवडाभर टिकणारा, आणि तो विकत घेणे म्हणजे घरात बाई माणूस नाही अशी कबुली देणे होते.

गिरण्यांकडे मागे वळून पाहताना त्या अखंड चालत होत्या असा समज होतो, तोही बरोबर नाही. जुनी मिल, म्हणजे १८७७ साली स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १९४९ मध्ये व्यवस्थापनाने बंद केली. हजारो लोक बेकार झाले म्हणून केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली. त्या ताब्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नव्या राज्यघटनेतील मालमत्तेच्या व समानतेच्या हक्कांवरचे सुरुवातीचे दोन महत्त्वाचे निवाडे याच गिरणीच्या निमित्ताने झाले. १९५० च्या निवाड्यात सरकारची बाजू टिकली. १९५३ च्या दुसऱ्या निवाड्यात टिकली नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही ‘शोलापूर मिल केस’ म्हणून ते वाचतात. म्हणजे ज्यांना आपण भरभराटीचे दिवस म्हणतो त्यांच्या आधीच सोलापूरने गिरणी बंद पडणे पाहिले होते. आमच्या वडिलांच्या पिढीतले व्यापारी कामगाराला उधारी देताना हात आखडता घेत, त्यामागे ही आठवण होती. आमचेही कापडाचे दुकान होते, त्यामुळे वाणी-व्यापाऱ्यांची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे.

आता माणसांविषयी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे लोक वर्षभर काय करतात, हे लहानपणी मला मोठे कोडे वाटे. पांढरी बाराबंदी घालून तो प्रचंड उंच काठीचा ध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणारा माणूस, संक्रांत झाली की आमच्याच गल्लीत तराजू धरून गुळाची ढेप फोडताना दिसे. यात्रेच्या आधी कित्येक दिवस रात्री सराव चाले आणि त्या काळात त्यांच्या दुकानात उधारी मागायला कोणी जात नसे, कारण त्यांना राग येऊ द्यायचा नाही अशी समजूत होती. होम मैदानावरच्या गड्ड्यात पाळणे, मौत का कुआँ, आरसेमहाल हे असेच; पण आम्हा मुलांना ओढ होती ती एका लाकडी खेळणीवाल्याची, जो दरवर्षी त्याच जागी बसे आणि गेल्या वर्षी घेतलेले खेळणे मोडले असेल तर ते फुकट दुरुस्त करून देई. अशा हमीचा कागद नसे. त्याला चेहरा आठवत असे.

चारही भाषांची माणसे एका दुकानात कशी वागत हेही लिहिण्यासारखे आहे. गिऱ्हाईक तेलुगू असेल तर वडील ‘अक्का’ म्हणत, कानडी असेल तर ‘अव्वा’, मराठी बाईला ‘वैनी’, आणि विजापूर वेशीकडून आलेल्या मुसलमान बाईला ‘खाला’. भाव मात्र सर्वांना सारखाच चढा सांगत, आणि उतरवतही सारखाच.

पार्कचौक

थोडी भर घालतो. भागवतांच्या आवारात एकाला लागून एक अशी अनेक चित्रपटगृहे होती. मल्टिप्लेक्स हा प्रकार पुण्या-मुंबईला नवा वाटला तेव्हा सोलापूरकरांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही, कारण एका पडद्याचे तिकीट संपले तर शेजारच्या रांगेत जाण्याची सवय आम्हाला केव्हाच लागली होती. तिथल्या मध्यंतरात शेंगा विकणारी मुले बहुतेक कामगारांच्या घरची असत. पुडीसाठी वापरलेला कागद गिरणीतल्या जुन्या हिशेबाच्या वहीचा असे, त्यामुळे शेंगा संपल्यावर कोणाच्या तरी पगारातून काय कापले हे वाचण्याचा उद्योग आम्ही करीत असू.

१९७२ च्या दुष्काळाविषयी कोणीच लिहिले नाही. त्या वर्षी पाणी विकणाऱ्या बैलगाड्या, लोखंडी पिंपे आणि घागरीमागे ठरलेला भाव, हा एक नवा धंदाच उभा राहिला होता. उजनीचे पाणी शहरात येईपर्यंत हिप्परग्याच्या तलावावर सगळी भिस्त होती आणि तो आटला की गाडीवान राजा. आमच्या गल्लीतला गाडीवान म्हाताऱ्या आणि बाळंतिणीच्या घरी पैसे न घेता घागर ओतून जाई, आणि त्या घागरीचे पैसे नळ असलेल्या वाड्यांकडून वसूल करी. नळाला पाणी नव्हतेच, पण नळ असणारे लोक श्रीमंत, एवढा त्याचा हिशेब होता.

मुरारजीपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. बाळीवेस यांचा आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. धंद्यांचा जो नकाशा मी मुलांसाठी कागदावर काढतो आहे त्यात आता तीन भाग करीन : गिरणीच्या चाळी, पूर्वभाग आणि वेशींच्या आतली पेठ. साखरपेठेच्या लेकीला एकच विचारायचे आहे. धागे जोडणाऱ्यांना मजुरी कशी मिळे, दिवसावर की धाग्यांवर? आणि यंत्रमाग आल्यावर त्यांचे काम संपले का?

साखरपेठेची लेक

धाग्यांवर, म्हणजे हजारी दराने. मोजण्याचा प्रश्न येत नसे, कारण फणीत किती घरे आहेत हे दोघांनाही माहीत असे. यंत्रमाग आल्यावर काम संपले नाही, उलट वाढले, कारण यंत्रमागाचा ताणा लवकर संपतो. आमच्या मामांनी त्या काळात सायकल घेतली आणि दिवसाला अनेक कारखाने करू लागले. त्यांचा मुलगाही काही वर्षे हेच काम करीत होता. नंतर तो भिवंडीला गेला, कारण तिथे माग अधिक आणि मजुरीही बरी. पूर्वभागातली अशी कितीतरी घरे भिवंडीत आहेत. तुमच्या नकाशाला चौथा भाग जोडणार असाल तर तिकडच्या लोकांना विचारायला हवे.

लक्ष्मी-विष्णू चाळ

भिवंडीला माझा चुलतभाऊ आहे, त्याला विचारून पुढच्या आठवड्यात लिहितो. तोवर एक सूचना : नकाशात बंद झालेल्या दुकानांच्या जागी आज काय आहे तेही लिहावे, म्हणजे मुलांना सोलापुरात नेले तर जागा दाखवता येईल. आमच्या वाण्याच्या दुकानाच्या जागी सध्या मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि तिथला मुलगा ओळखीच्या लोकांना उधारी देतो.